ऑस्ट्रोगॉथ : पूर्वेचे गॉथ की उगवतीचे?

माळरान

मंडळी, रोमन साम्राज्याच्या पडझडीवर कुठलंही पुस्तक उघडा, एक वाक्य ठरलेलं असतं. गॉथांच्या दोन शाखा, पूर्वेचे ते ऑस्ट्रोगॉथ आणि पश्चिमेचे ते व्हिसिगॉथ. वाक्य इतकं सुटसुटीत आहे की त्यावर कुणी थांबत नाही.

मी अडकलो तो अम्मिआनुस मार्सेलिनुसपाशी. हा चौथ्या शतकातला रोमन सैन्याधिकारी, घटना घडत असतानाच जिवंत असलेला माणूस. इ. स. ३७६ मध्ये हूणांच्या रेट्याने गॉथ डॅन्यूब नदीवर येऊन थडकले, पुढे ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत त्यांनी सम्राट व्हॅलेन्सलाच मारलं. हे सगळं तो तपशिलाने सांगतो, पण 'ऑस्ट्रोगॉथ' आणि 'व्हिसिगॉथ' हे शब्द त्याच्याकडे नाहीतच. त्याच्याकडे आहेत ग्रूटुंगी आणि तेर्विंगी.

मग ऑस्ट्रोगॉथ हे नाव आलं कुठून? त्यांनी स्वतः घेतलं की दुसऱ्यांनी चिकटवलं? आणि पूर्वेचे म्हणजे कुणाच्या पूर्वेचे? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

दुपारचा चहा

वाखुसा (वाचनखूण साठवली). बाकीचे लिहीपर्यंत शेंगदाणे घेऊन बसलोय.

रुळावरचा

दादरला कुणी 'पूर्वेला ये' म्हणालं की मध्ये रूळ आहेत म्हणून कळतं. गॉथांचे रूळ कुठे होते ते आधी सांगा :)

गावशिव

@रुळावरचा, होते की! नीस्टर नदी. आजच्या युक्रेन-मोल्दोव्हातून वाहत काळ्या समुद्राला मिळते ती. चौथ्या शतकात तिच्या पूर्वेच्या गवताळ सपाटीवर ग्रूटुंगी आणि पश्चिमेला डॅन्यूबपर्यंत तेर्विंगी. तेव्हा 'पूर्वेचे' या अर्थात तथ्य नाही असं मुळीच नाही. घोळ वेगळाच आहे. नदीच्या दोन्ही बाजूंची माणसं तिथे राहिलीच नाहीत. नावं मात्र त्यांच्याबरोबर इटली-स्पेनपर्यंत गेली.

निळावंती

भाषेच्या अंगाने लिहिते, कारण हा प्रश्न निम्मा तरी भाषेचा आहे.

आधी ग्रूटुंगी आणि तेर्विंगी. पहिल्यात खडी, रेती या अर्थाचा शब्द आहे असं मानतात, म्हणजे उघड्या रेताड मैदानातले लोक. दुसऱ्यात झाड, म्हणजे रानातले लोक. झाडाच्या या जर्मानिक शब्दाचं मूळ आपल्या 'देवदार'मधल्या 'दारु'शी एकच आहे. ही दोन्ही नावं जागेवरून पडलेली.

आता ऑस्ट्रोगॉथ. पहिला तुकडा 'आउस्त्र'. त्याच मुळातून इंग्रजी 'ईस्ट' येतो, लॅटिन 'अरोरा' येते, आणि संस्कृतात 'उषस्'. ऋग्वेदातली उषा आणि ऑस्ट्रोगॉथांमधला 'ऑस्ट्रो' ही एका घरातली भावंडं. मूळ अर्थ उजळणे, फटफटणे. उजाडतं ती दिशा म्हणून पूर्व. त्यामुळे हेर्विग वोल्फ्राम या ऑस्ट्रियन इतिहासकाराने म्हटलं की या नावात नकाशावरची दिशा शोधू नका, 'उगवत्या सूर्याने उजळलेले गॉथ' असा मिरवण्याचा अर्थ घ्या.

याला बळ मिळतं ते दुसऱ्या नावामुळे. व्हिसिगॉथांचं जुनं रूप नुसतं 'वेसी' किंवा 'विसी' असं आहे. त्याचा पश्चिमेशी संबंध नसावा. 'चांगले, थोर' या अर्थाच्या मुळाशी तो जोडतात, आणि संस्कृतात ते मूळ 'वसु' म्हणून सापडतं. एक गट स्वतःला 'थोर' म्हणवतो, दुसरा 'उजळलेले'. कुठलीही टोळी आपलं नाव घेताना असंच घेईल.

शिलेदार

म्हणजे हे लोक मूळचे इकडचेच! गॉथ म्हणजे गेटे, गेटे म्हणजे जाट, असं मी कितीतरी ठिकाणी वाचलंय. आता उषा आणि वसु पण निघाले. अजून काय पुरावा हवा?

निळावंती

@शिलेदार, पुरावा बराच हवा. दोन भाषांची आजी एक असली म्हणून नातवंडं एकमेकांच्या घरी राहिली असं होत नाही. गॉथिक भाषेत मुलगा 'सुनुस', संस्कृतात 'सूनु'. मुलगी 'दाउह्तार', संस्कृतात 'दुहितृ'. हे साम्य इंडो-युरोपीय कुळाचं आहे आणि ते लिथुआनियन, ग्रीक, आर्मेनियन सगळ्यांतच मिळेल.

गेटे-गॉथ ही सरमिसळ मात्र खरोखर जुनी आहे. गेटे हे डॅन्यूबकाठचे थ्रेसियन लोक, गॉथांच्या कितीतरी शतकं आधीचे. गॉथ त्याच प्रदेशात येऊन राहिले म्हणून ग्रीक-रोमन लेखकांनी जुनंच नाव नव्या लोकांना लावलं. गॉथांच्या इतिहासाच्या सर्वांत प्रसिद्ध ग्रंथाचं नावच 'गेटिका' आहे. त्यावर गावशिव लिहितील अशी आशा.

गावशिव

लिहितोच, कारण 'पूर्व-पश्चिम' या जोडीचं मूळ तिथेच आहे.

गेटिका लिहिली जॉर्डानेसने, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, ५५१ च्या सुमारास. त्याच्यापुढे कॅसिओडोरसने लिहिलेला बारा भागांचा गॉथांचा इतिहास होता. तो मूळ ग्रंथ आज हरवलाय. जॉर्डानेस प्रस्तावनेत सांगतो की कॅसिओडोरसच्या कारभाऱ्याच्या मेहेरबानीने ते बारा भाग त्याला तीन दिवस वाचायला मिळाले. तीन दिवस! आज गॉथांच्या उगमाबद्दल जे जे म्हटलं जातं त्यातलं कितीतरी त्या तीन दिवसांच्या वाचनावर उभं आहे.

आता कॅसिओडोरस कोण? इटलीत राज्य करणाऱ्या थिओडोरिकचा रोमन मंत्री. आपला राजा रानटी टोळीवाला नाही, रोमच्या तोलामोलाचा खानदानी आहे, हे दाखवणं त्याचं काम. म्हणून त्याने थिओडोरिकच्या अमाल घराण्याची वंशावळ रचली. थिओडोरिकचा नातू अथलारिक याच्या नावाने गेलेल्या पत्रात कौतुक आहे, की कॅसिओडोरसने सतरा पिढ्यांचं राजकुळ सिद्ध करून दिलं. ट्रॉयहून आलेल्या एनियसपासून रोम वसवणाऱ्या रोम्युलसपर्यंत किती पिढ्या मोजत? सतराच.

त्याच वंशावळीत एक राजा आहे, नाव ऑस्ट्रोगोथा. जॉर्डानेस म्हणतो, ऑस्ट्रोगॉथ हे नाव एक तर या राजावरून पडलं, किंवा पूर्वेकडे राहतात म्हणून. आणि दुसरे ते पश्चिमेचे, म्हणून व्हिसिगॉथ. सहाव्या शतकात हे अगदी चपखल बसत होतं. एक गॉथ राज्य इटलीत, दुसरं स्पेनमध्ये. 'वेसी'ला 'गॉथ' जोडून समतोल जोडी तयार झाली आणि पुढची चौदाशे वर्षं तीच चालली.

खडूफळा

निळावंती आणि गावशिव, दोघांचे प्रतिसाद फार आवडले. मी शाळेत इतिहास शिकवायचो. पण मला एक पटत नाही. 'पूर्व' आणि 'पहाट' यांचं मूळ एकच, असं तुम्हीच सांगता. मग 'पूर्वेचे' की 'उजळलेले' हा वाद कशासाठी? 'उगवतीकडचे' म्हणा, दोन्ही अर्थ आले. खेड्यात अजून म्हातारी माणसं उगवत-मावळत असंच बोलतात. 'उगवतीचा मळा' म्हटलं तर तो थोर मळा आहे असं कुणी समजत नाही.

शिवाय टोळ्या स्वतःला नेहमी थोरच म्हणवतात हे गृहीत का धरायचं?

निळावंती

@खडूफळा सर, रास्त मुद्दा. 'पूर्व' हा अर्थ मी खोडत नाही. फक्त एवढंच, की 'पूर्व'ला जोडीदार 'पश्चिम' लागतो आणि 'वेसी'मध्ये पश्चिम सापडत नाही. म्हणून जोडीने आलेलं स्पष्टीकरण डळमळतं. एकट्या ऑस्ट्रोगॉथांपुरतं 'उगवतीकडचे' मला चालेल.

उंबरठा

ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलियाचा पण हाच 'ऑस्ट्र' का?

निळावंती

ऑस्ट्रियाचा हो. 'ओस्तारिही', पूर्वेचा मुलूख. हे नाव पहिल्यांदा ९९६ सालच्या दस्तऐवजात येतं. पण ऑस्ट्रोगॉथांशी थेट संबंध नाही, फक्त शब्द तो. ऑस्ट्रेलियाचं नाव लॅटिन 'ऑस्टर'वरून, म्हणजे दक्षिणेकडचा वारा.

फोर्टातली

अवांतर: आमच्या ऑफिससमोरची इमारत म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. सगळे तिला 'व्हिक्टोरियन गॉथिक' म्हणतात. हे तेच गॉथ का? त्यांनी असल्या इमारती बांधल्या होत्या?

गावशिव

गॉथांनी एकही गॉथिक इमारत बांधली नाही. टोकदार कमानींची ती शैली बाराव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झाली, तेव्हा ऑस्ट्रोगॉथ इतिहासजमा होऊन सहाशे वर्षं झाली होती. सोळाव्या शतकात इटलीत व्हासारी हा चित्रकार-लेखक आणि त्याच्यासारख्यांना ती शैली ओबडधोबड वाटली. रोमची वाट लावणाऱ्या गॉथांचंच हे काम असणार, म्हणून त्यांनी ती त्यांच्या माथी मारली. पुढे शिवीची शान झाली. आणि १८७८ मध्ये स्टीव्हन्सने बोरीबंदरला काम सुरू केलं तेव्हा तोच शब्द अभिमानाने वापरात होता. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना जागतिक वारसा ठरवलं, त्याही नावात 'व्हिक्टोरियन गॉथिक' आहे. एका टोळीचं नाव कुठल्या कुठे पोचलं बघा.

जुन्नरी

मुंबईचं निघालंच आहे तर आमच्या जुन्नरचंही सांगतो, आणि हे अवांतर नाही.

जुन्नरच्या लेण्यांमध्ये सातवाहन काळातले ब्राह्मी लेख आहेत. त्यात यवन दात्यांची नावं येतात. एका लेखात 'यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो', म्हणजे गतांपैकी यवन इरिल याने दिलेल्या दोन पोढ्या. दुसऱ्यात 'यवनस चिटस गतानं भोजनमटपो देयधम सघे', संघाला जेवणाचा मंडप. पाण्याच्या कोरीव टाक्याला आम्ही गडकिल्ले फिरणारे आजही पोढीच म्हणतो.

आता हे 'गत' कोण? नॉर्वेचे विद्वान स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये मांडलं की गत म्हणजे गॉथ, आणि इरिल व चिट ही जर्मानिक नावं. म्हणजे नाणेघाटाच्या वाटेवर गॉथ व्यापारी येऊन बौद्ध संघाला पाण्याची सोय करून देत होते!

दुपारची उन्हं तिरपी आली की त्या लेण्यांमधली अक्षरं ठळक होतात. 'गतान'मधला 'ग' म्हणजे उलट्या इंग्रजी व्हीसारखी दोन रेघांची खूण, बोट फिरवावंसं वाटतं (फिरवू नका, दगड झिजतो). ते बघताना कोनोंचं म्हणणं खरं असावं असं मनापासून वाटतं.

शिलेदार

बघा! मी काय म्हणत होतो!

निळावंती

जुन्नरी, सुंदर प्रतिसाद. पण कोनोंचं मत बहुतेकांनी स्वीकारलं नाही, आणि कारण काळाचं आहे. हे लेख साधारण दुसऱ्या शतकाच्या आसपासचे. त्या काळात गॉथ कुठे होते? टॅसिटस आणि टॉलेमी त्यांना बाल्टिककडे, व्हिस्तुला नदीच्या बाजूला, आजच्या पोलंडमध्ये दाखवतात. काळ्या समुद्रापाशी ते तिसऱ्या शतकात येतात. व्हिस्तुलाकाठचा माणूस अलेक्झांड्रियामार्गे कोकणच्या बंदरात उतरणं अशक्य नाही. पण दोन अक्षरांच्या 'गत'वर एवढा प्रवास लादायचा तर आणखी आधार हवा. 'गत' हे गावाचं किंवा कुळाचं नाव असू शकतं.

@शिलेदार, आणि कोनोंचं म्हणणं खरं धरलं तरी ते बाहेरून इथे आल्याचं आहे, इथून तिथे गेल्याचं नव्हे.

जुन्नरी

काळाचा मुद्दा मान्य. तरी इरिल हे नाव ग्रीकही वाटत नाही आणि प्राकृतही. 'यवन' शब्दात किती प्रकारचे परदेशी मावले असतील हा प्रश्न मला खुलाच ठेवायचाय.

माळरान

धागा इतका रंगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. ऑस्ट्रोगॉथ हा शब्द अम्मिआनुसकडे नाही, जॉर्डानेसकडे आहे. मधल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कुणाकडे आहे का? की कॅसिओडोरसनेच तो घडवला?

गावशिव

घडवला तो 'व्हिसिगॉथ'. 'ऑस्ट्रोगॉथ' त्याच्या आधीचा आहे.

३९९ साली कवी क्लॉडियन फ्रिजियाबद्दल, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताबद्दल लिहितो, की तिथली जमीन ऑस्ट्रोगॉथ आणि त्यांच्यात मिसळलेले ग्रूटुंगी कसतात. 'मिसळलेले' हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे त्याला हे दोन वेगळे वाटत होते, किंवा निदान दोन नावं एकाच वेळी चालू होती.

त्याच सुमाराला लिहिलेल्या 'हिस्टोरिया ऑगस्टा'त सम्राट क्लॉडियस दुसरा याच्या चरित्रात शत्रूंची यादी आहे, त्यात ओळीने ग्रूटुंगी, ऑस्ट्रोगोटी, तेर्विंगी, विसी. प्रसंग २६९ चा, पण लेखक शंभरेक वर्षांनंतरचा आणि थापाड्या म्हणून प्रसिद्ध. तरी यादीचा क्रम बघा. मैदानातले, उगवतीचे, रानातले, थोरले. दोन दोनच्या जोड्या. वोल्फ्रामचं सगळं म्हणणं इथूनच निघतं, की प्रत्येक गटाला दोन नावं होती. एक शेजाऱ्यांनी जागेवरून ठेवलेलं, दुसरं स्वतःचं मिरवायचं. जागा सुटली तसं पहिलं गळून पडलं, दुसरं टिकलं.

खडूफळा

हे पटतंय. मग ग्रूटुंगी तेच ऑस्ट्रोगॉथ, असं समीकरण मांडायचं का?

गावशिव

नाही सर, इथे मी वोल्फ्रामला सोडून पीटर हेदर या इतिहासकाराच्या बाजूला जातो. सरळ रेघ ओढता येत नाही.

३७६ मध्ये ग्रूटुंगींचा एक मोठा जथा अलाथेउस आणि साफ्राक्सच्या मागे डॅन्यूब ओलांडून आला. त्यातले बरेच पुढे अलारिकच्या लोकांत, म्हणजे ज्यांना आपण व्हिसिगॉथ म्हणतो त्यांच्यात विरघळले असावेत. म्हणजे 'पूर्वेचे' लोक 'पश्चिमेच्यां'त गेले! मागे राहिलेले हूणांच्या सत्तेखाली. ४५३ मध्ये अत्तिला मेला, मग पॅनोनियात, आजच्या हंगेरीच्या बाजूला, वालामिर आणि त्याच्या दोन भावांच्या हाताखाली एक गट उभा राहिला. थिओडोरिक हा त्यातल्या थिउदिमिरचा मुलगा. त्याच वेळी बाल्कनमध्ये थ्रेसच्या गॉथांचा वेगळा गट होता, त्यांचा नायकही थिओडोरिकच, स्ट्राबो म्हणून ओळखला जाणारा. तो ४८१ मध्ये मेला, ४८४ मध्ये त्याच्या मुलाला आपल्या थिओडोरिकने मारवलं आणि त्या गटातले बहुतेक लोक याला येऊन मिळाले. मग ४८८ मध्ये सम्राट झेनोच्या सांगण्यावरून बायकापोरं, गाड्या, रुगियनांसारखे इतर लोक, सगळ्यांना घेऊन इटलीकडे कूच. ४९३ मध्ये रेव्हेनात इटलीचा तेव्हाचा राजा ओडोआकर याला मेजवानीच्या प्रसंगी स्वतःच्या तलवारीने कापून तो धनी झाला.

इटलीतले 'ऑस्ट्रोगॉथ' म्हणजे हे सगळे. प्राचीन अखंड टोळी नाही, दहा-वीस वर्षांत एका माणसाभोवती जमलेलं मोहोळ.

बोलोन्यातून

आत्ता लॉगिन केलं आणि हा धागा दिसला! मी नोकरीनिमित्त बोलोन्याला राहते, रेव्हेना इथून रेल्वेने तासाभराच्या थोडं पुढे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेते.

थिओडोरिकची समाधी गावाबाहेर आहे. वरचा घुमट एकाच दगडाचा, सुमारे दहा मीटर व्यासाचा, वजन दोनशे टनांहून जास्त. दगड एड्रियाटिकच्या पलीकडून, इस्त्रियातून समुद्रमार्गे आणलेला. कडेने बारा दगडी कान आहेत, घुमटाला एक चीर गेलीये, आणि आत पॉर्फिरी या जांभळट दगडाचं रिकामं टाकं.

पण मला जास्त भिडतं ते सांत अपोलिनारे नुओवो. थिओडोरिकच्या राजवाड्याचं चर्च हे. भिंतीवर मोझेइकमध्ये राजवाड्याची कमानींची ओळ आहे आणि कमानींत पांढरे पडदे. तिथे पूर्वी माणसं होती, बहुधा त्याचे दरबारी. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सत्ता आल्यावर माणसं उखडून तिथे पडदे बसवले. पण खांबांवर आलेले हात राहून गेले! पडद्यामागून एक पंजा पुढे येतो आणि पांढऱ्या खांबावर बोटं टेकलेली. एकदा दिसले की दुसरं काही दिसत नाही. तिथे उभं राहून दर वेळी वाटतं, या माणसांना तुम्ही कोण म्हणून विचारलं असतं तर काय म्हणाले असते?

दुपारचा चहा

हाताचं वाचून अंगावर काटा आला. शेंगदाणे बाजूला ठेवले.

निळावंती

@बोलोन्यातून, काय म्हणाले असते याचं थोडं उत्तर कागदोपत्री आहे. कॅसिओडोरसने थिओडोरिकच्या वतीने लिहिलेल्या सरकारी पत्रांत लोकांचा उल्लेख नुसता 'गॉथ' असा येतो. बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस ५३५ पासूनचं गॉथ युद्ध लिहितो, तोही त्यांना गॉथच म्हणतो. पण नाव विसरलं गेलं नव्हतं. थिओडोरिकने आपल्या एका मुलीचं नाव ऑस्ट्रोगोथो ठेवलं होतं. ती बर्गंडीच्या सिगिस्मुंडला दिली. टोळीचं नाव लेकीला ठेवणारा बाप ते नाव अभिमानाचं मानत असणार. वोल्फ्रामच्या 'मिरवायच्या नावा'ला माझ्या मते यापेक्षा चांगला आधार नाही.

आणि त्या ऑस्ट्रोगोथा राजाबद्दल. नावावरून मागाहून कल्पिलेला पूर्वज, असंच त्याच्याबद्दल सर्रास मानलं जायचं. पण व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एका हस्तलिखिताच्या खरवडून पुन्हा वापरलेल्या पानांवर खालचा जुना ग्रीक मजकूर विशेष प्रकाशात वाचता आला. तिसऱ्या शतकातल्या अथेन्सच्या डेक्सिप्पसचा असावा असा हा मजकूर. त्यात २५० च्या आसपासच्या गॉथ स्वाऱ्यांच्या वर्णनात क्निव्हाबरोबर दुसरा एक नायक येतो, ओस्त्रोगुथ्थोस. म्हणजे या नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, आणि हे नाव तिसऱ्या शतकातच वापरात होतं!

माळरान

बाप रे. मग जॉर्डानेसचं पहिलं उत्तर, राजावरून नाव पडल्याचं, बरोबर म्हणायचं?

निळावंती

तसं नाही म्हणता येणार. थिओडोरिकच्या मुलीसारखं त्यालाही टोळीवरूनच नाव मिळालं असेल. माणूस आधी की टोळी आधी हे त्या पानांवरून ठरत नाही. 'पूर्वेचे, कारण दुसरे पश्चिमेचे' हे मात्र मी निर्धास्तपणे बाजूला ठेवते.

खडूफळा

आणि 'उगवतीचे' ठेवता. मी समाधानी आहे.

गावशिव

रेव्हेनाचाच एक कागद सांगून थांबतो. ५५१ सालचा पपायरस आहे. युद्धाने इटली उद्ध्वस्त झालेली, रेव्हेना अकरा वर्षं बायझंटाइनांच्या ताब्यात. तिथल्या गॉथांच्या संत अनास्तासियाच्या चर्चमधले पुजारी-सेवक कर्जापोटी दलदलीची जमीन विकतायत. खत लॅटिनमध्ये. पण सह्या करताना काहींनी गॉथिक लिपीत, गॉथिक भाषेत लिहिलंय, 'उफमेलिदा हांदाउ मीनाइ', माझ्या हाताने सही केली. काही जण लिहू शकत नव्हते, त्यांनी खूण केली. खतात चर्चची ओळख 'गॉथांचं' एवढीच. जॉर्डानेस कॉन्स्टँटिनोपलमध्ये ऑस्ट्रोगॉथ-व्हिसिगॉथ जुळवत होता तो काळ हाच.

बोलोन्यातून

हा पपायरस आता कुठे बघायला मिळतो?

गावशिव

नेपल्सला. पण जाण्याआधी तिथे विचारून घ्या, असे कागद नेहमी मांडलेले नसतात.